पहिल्या आंदोलनापूर्वीचा तीन तासांचा वर्ग: कायदा उत्तम, प्रथमोपचार काळजीचा

आमच्या विनाअनुदानित शाळेतील आम्ही चौघी शिक्षिका आझाद मैदानावरील धरणे आंदोलनाला आयुष्यात पहिल्यांदाच जाणार होतो, म्हणून त्याआधीच्या रविवारी दादरला भरलेल्या प्रशिक्षण वर्गाला आम्ही नाव नोंदवले. शुल्क माणशी १५० रुपये होते आणि त्यात चहा, एक छापील पत्रक व कमरेला बांधायचा कापडी बटवा मिळाला.

नुसत्या कायद्याच्या पहिल्या तासासाठीही मी हे पैसे दिले असते. शिकवणाऱ्या वकिलांनी संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील ‘शांततेने व शस्त्रांशिवाय’ एकत्र जमण्याच्या हक्कापासून सुरुवात केली आणि लगेच आमच्यापैकी एकीला डब्याच्या पिशवीतील फळे कापायची सुरी घरीच ठेवायला सांगितले, कारण झडतीत ती सापडली तर ती फळांसाठी होती हे पटवून देण्यात दिवस जाईल. आपण सवयीने ज्याला १४४ म्हणतो ती जमावबंदी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली येते, हेही तेथेच कळले. मात्र सर्वांत उपयोगी ठरला तो ‘ताब्यात घेणे’ आणि ‘अटक’ यांतील फरक. पुष्कळदा आंदोलकांना गाडीतून पोलीस ठाण्यात नेऊन संध्याकाळी सोडून दिले जाते. परंतु अटकच झाली, तर याच संहितेच्या कलम ४७ नुसार तिचे कारण सांगावे लागते, कलम ४८ नुसार आपण सांगू त्या नातेवाइकाला वा मित्राला कळवावे लागते आणि कलम ५८ नुसार प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ही कलमे पोलीस गाडीच्या दारात उभे राहून म्हणून दाखवू नयेत, कोणत्या ठाण्यात नेत आहेत एवढे विचारावे आणि ते बाहेर राहिलेल्या सोबतिणीला मोठ्याने सांगावे, हा त्यांचा सल्ला मला फार शहाणपणाचा वाटला. घरचा एक क्रमांक आणि मोफत विधी साहाय्याचा १५१०० हा क्रमांक त्यांनी आमच्याकडून बॉलपेनने हातावर लिहून घेतला, तेव्हा आम्हाला थोडे हसू आले होते.

दुसऱ्या तासाबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. अश्रुधुराचा त्रास होऊ नये म्हणून डोळ्यांखाली टूथपेस्ट लावावी आणि रुमालात फोडलेला कांदा बांधून घ्यावा, असे एका स्वयंसेवकाने आत्मविश्वासाने सांगितले, आणि पत्रकातही तसेच छापलेले होते. डोळे चोळू नयेत, वाऱ्याची दिशा पाहून धुरातून बाहेर पडावे, स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे, कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा घालावा आणि चेहऱ्याला तेलकट क्रीम लावू नये, एवढ्या साध्या गोष्टी सोडून घरगुती समजुती शिकवणे हे सुरक्षिततेच्या वर्गाला शोभत नाही. आमच्यावर तशी वेळ आली नाही, परंतु वर्गात तिशीच्या आतली बरीच मुले होती आणि ती सर्व लिहून घेत होती.

गर्दीविषयीचा शेवटचा तास घाईत उरकला गेला, तरी त्यातील एक सूचना प्रत्यक्षात कामी आली. मैदानात नेटवर्क मिळेनासे होते हे गृहीत धरून चुकामूक झाल्यास भेटायची जागा आधीच ठरवावी, असे त्यांनी सांगितले होते. आम्ही महापालिका मुख्यालयासमोरचा फिरोजशहा मेहतांचा पुतळा ठरवला. दुपारी दोघी दिसेनाशा झाल्या आणि फोन लागेनात, तेव्हा अर्ध्या तासात त्या तेथेच सापडल्या. त्यांतील एकीचा फोन बंद पडला होता आणि तिने पोलीस शिपायाच्याच फोनवरून, हातावरचा क्रमांक वाचून, घरी निरोप दिला होता.

जे शिकवलेच नाही ते दिवसभर जाणवत राहिले. स्वच्छतागृह कोठे, पाणी कोठे भरायचे, रक्तदाबाची गोळी कोणत्या वेळी घ्यायची आणि सायंकाळच्या लोकलच्या गर्दीत परत कसे जायचे, याचा तीन तासांत उल्लेखही झाला नाही. ऑगस्ट २०२५ मधील मराठा आरक्षण आंदोलनाला ५,००० माणसांची परवानगी असताना त्याच्या कितीतरी पट लोक आले आणि पाणी व स्वच्छतागृहांच्या गैरसोयीच्या बातम्या दिवसेंदिवस येत राहिल्या, हे वर्ग घेणाऱ्यांनी वाचलेले नसेल असे वाटत नाही. आमच्यातील एक बाई स्वच्छतागृहाच्या भीतीने सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती आणि चार वाजता तिला भोवळ आली. तिला सावलीत बसवून जीवनरक्षक क्षारसंजीवनी पाजली, ती पुडी मात्र त्यांच्याच बटव्यात होती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

बटवा चांगला शिवलेला आहे. ओळखपत्र, सुटे पैसे, गोळ्या आणि फोन त्यात नीट मावतात, पाण्याची बाटली मावत नाही. वर्गाला जावे, परंतु पहिला तास ऐकून प्रथमोपचारासाठी आपल्या डॉक्टरांना विचारावे, असे मी नव्या मंडळींना सांगते. टूथपेस्टविषयी मी वर्ग घेणाऱ्या गटाला पत्र लिहिले होते. पुढच्या वर्गाच्या पत्रकातून ती ओळ त्यांनी काढली आहे, स्वच्छतागृहाची ओळ अजून आलेली नाही.