कांदा, रंकाळा आणि कागदी सूक्ष्मदर्शक

स्टॅनफर्डमध्ये मनु प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी घडवलेला फोल्डस्कोप, म्हणजे घड्या घालून बनवायचा कागदी सूक्ष्मदर्शक, सुमारे १४० पट मोठं दाखवतो. शाळकरी पोरं असलेल्या घरात तो हवाच. घड्या मुलांनाच घालू द्या, फक्त भिंगाला बोट लागायला नको. डाग पडला की सगळं धुरकट.

सुरुवात कांद्याने करा. आतल्या पाकळीचा पापुद्रा एकपदरी सोला. दोन पदर आले तर पेशींच्या कडा एकमेकींवर चढतात आणि धड काहीच कळत नाही. वर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला की पेशीतलं केंद्रक पिवळसर तपकिरी उठून दिसतं. हे बघताना पोरांचे चेहरे बघावेत!

खरी मेजवानी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या पाण्यात. वरचं नितळ पाणी नको, काठच्या दगडावरचं हिरवं बुळबुळीत थोडं खरवडून घ्या. थेंबावर ठेवायची पातळ झाकणकाच सपाट टाकली तर बुडबुडे अडकतात, म्हणून एक कड टेकवून हळू सोडायची. पळणारे जीव थोपवायला थेंबात कापसाचे दोन-तीन तंतू ठेवावेत.

दह्यातल्या जिवाणूंची मात्र आशा धरू नका, ते याच्या आवाक्याबाहेरचे. फोकस अंगठ्यांनी सरकवावा लागतो. हात हलला की चित्र गेलं. चुंबकाने फोनला जोडला तर आजीपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांना एकदम दिसतं. सूर्याकडे रोखून कधीही बघू नये, खिडकीचा उजेड भरपूर होतो.