ओकावांगोत नेलेला तीन माणसांचा तंबू: एक हिवाळा, एक पूर आणि एक पावसाळा वापरल्यावर

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल. तंबू घेण्यासारखा आहे, चेन रद्दी आहे. जाळीला पैकीच्या पैकी, तळ बरा. आणि खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत ज्याची जाहिरात आहे ते ३००० मिलिमीटरचं (म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब झेलणारं) वॉटरप्रूफ कापड ओकावांगोत, म्हणजे बोट्स्वानातल्या ओकावांगो नदीच्या डेल्टात, आम्हाला कवडीच्या उपयोगाचं पडलं नाही.

हा तंबू मी बोट्स्वानाच्या राजधानीत, गॅबोरोनला, मॉलमधल्या एका मोठ्या दुकानातून घेतला, दुकानाचा घरचाच ब्रँड. किंमत २००० पुलांच्या आसपास. पुला, म्हणजे इथलं चलन, साधारण सहा-सात रुपयांना पडतो, हिशोब तुम्ही करा. तीन माणसांचा असं लिहिलंय, त्यात दोन माणसं आणि त्यांच्या बॅगा मावतात. तिसरा माणूस घ्यायचा तर बॅगा बाहेर, आणि बॅगा बाहेर का ठेवता येत नाहीत ते पुढे येईलच.

'ओकावांगो म्हणजे नुसतं पाणी, तंबू वॉटरप्रूफ बघ रे,' असं पुण्याच्या मित्राने फोनवर बजावलं होतं. त्याचं चुकलं असंही नाही, कारण तिथलं गणितच उलटं आहे. पाऊस पडतो अंगोलाच्या पठारावर, आपल्या जानेवारी-फेब्रुवारीत. तिथली कुबांगो नदी बोट्स्वानात येते ती ओकावांगो होऊन, आणि समुद्राला न मिळता कालाहारीच्या वाळूत पसरून संपते. उतार जवळजवळ नाही, वाटेत मैलोन्मैल पपायरस आणि बोरू. पाणी इतकं रमतगमत येतं की माउन गावाशी पूर पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. तेव्हा इथे ऐन कोरडा हिवाळा असतो. डोक्यावर ढगाचा ठिपका नाही आणि नदी मात्र चढतेय. म्हणजे खाली गुडघाभर, कमरेभर पाणी आणि वरून थेंब नाही. अशा ठिकाणी छपराच्या कापडाचा आकडा बघून तंबू निवडणं व्यर्थ. बघायचं ते जाळी, चेन, तळ आणि गुंडाळीची लांबी.

गुंडाळीची लांबी का, तर तंबूची पहिली परीक्षा तो उभारण्याआधी मोकोरोत होते. मोकोरो म्हणजे इथली अरुंद लांब होडी. पूर्वी अख्खं खोड कोरून करायचे, आता झाडं वाचावीत म्हणून बहुतेक फायबरग्लासच्या असतात. काठ पाण्यापासून वीतभर वर. दोघं जण पाय पसरून बसतात आणि मागे उभा असलेला पोलर न्गाशीने, म्हणजे लांब काठीने, तळाला रेटा देत होडी नेतो. उरलेल्या जागेत सामान. चाकाच्या सूटकेसला तिथे जागा नाही. बरोबर आलेल्या मित्राच्या बायकोची सूटकेस माउनच्या लॉजवरच राहिली आणि वहिनींनी तीन दिवस त्यावरून त्याला ऐकवलं. आमच्या तंबूची गुंडाळी साठेक सेंटिमीटरची, वजन तीन किलोच्या आतबाहेर. होडीत ती आडवी बसत नाही, उभी सरकवली की पाठीला टेकायला होते. बाकीच्यांनी माउनहून कॅनव्हासचे तंबू भाड्याने घेतले होते. ते इतके जड की सामानासाठी वेगळी मोकोरो आणि तिचे वेगळे पैसे. इथे आमच्या तंबूने बाजी मारली.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. न्गाशी दर वेळी पाण्यातून वर येते तेव्हा तिच्यावरून धार ओघळते, ती थेट मागच्या सामानावर. तंबूबरोबर मिळणारी पिशवी साध्या कापडाची आहे, ती तासाभरात भिजते. तोंड गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग घ्या, तंबू तीत घाला. वॉटरप्रूफ वस्तू हवी ती इथे. आणि बोरूच्या दाटीतून होडी घुसली की मांडीवर कोळी पडतात, क्वचित नखाएवढा रंगीत बेडूक. किंचाळू नका, होडी डुलते.

मुक्काम बेटावर. ओकावांगो २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतलं हजारावं ठिकाण झालं, म्हणून तिथे ओटे, नळ, दिवे असतील असं समजू नका. कुंपण नाही. संडास म्हणजे झुडपामागे खणलेला खड्डा आणि शेजारी रोवलेलं फावडं; फावडं जागेवर नसेल तर खड्ड्यावर कुणीतरी आहे. पोलरनेच तंबूंच्या जागा ठरवल्या: पाणघोड्यांच्या वाटेवर नाही आणि सॉसेज ट्रीखाली तर मुळीच नाही. त्या झाडाला दोरीसारख्या देठांवर पाच-सात किलोची फळं लटकतात. आमच्या तंबूच्या ताणाच्या दोऱ्या बघून तो हसला. 'हत्तीला दोरी दिसते, तुम्हाला रात्री दिसणार नाही,' म्हणाला, आणि त्याने त्या सगळ्या आखडून खुंट्या तंबूच्या पायाशी ठोकल्या. वारा नसेल तर हा तंबू दोऱ्यांशिवायही नीट उभा राहतो, हे त्याचं कौतुक.

आता चेन. तक्रारीचा मुख्य मुद्दा हाच, म्हणून जरा सविस्तर. तिथली वाळू रांगोळीहून बारीक. बेटावर चालताना ती पायाला लागते, पायाने दारात येते आणि चेनच्या दातांत बसते. या तंबूला बारीक नायलॉनची चेन आहे आणि दार वळणदार, त्यामुळे कोपऱ्यात रनर अडतो, आपण ओढतो, वाळू रनरला आतून घासते आणि त्याच्या दोन ओठांतली फट वाढते. मग रनर पुढे जातो पण मागे दात जुळत नाहीत. आमचं हे झालं दुसऱ्या रात्री, गुडघ्याच्या उंचीवर, टॉर्चच्या उजेडात. ज्या ठिकाणी 'अंधार पडल्यावर चेन लावायची आणि उजाडेपर्यंत बाहेर यायचं नाही' हा एकमेव नियम, तिथे हातभर फट घेऊन बसलो. बायकोने कपड्यांचे चिमटे लावले, मी सेफ्टी पिना.

त्याच पहाटे हत्ती आला. बेटावर मोकोला ताडाची झाडं होती. फळं पाडायला हत्ती खोडाला कपाळ लावून झाड हलवतो. आधी सळसळ, मग धप्प, धप्प, मग चावण्याचा आवाज. जाळीतून चांदण्यात दिसले ते फक्त पाय, भाड्याच्या तंबूंच्या पलीकडून जाणारे, आणि इतक्या मोठ्या जनावराच्या पावलांचा आवाज शून्य. चिमटे लावलेल्या दाराकडे मात्र त्याने ढुंकून पाहिलं नाही. बंद कापडाच्या आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, उघड्या दाराची आणि आतल्या खाण्याच्या वासाची गोष्ट वेगळी. आमचा चिवडा आणि संत्री याच कारणाने पहिल्याच संध्याकाळी पोलरने पेटीत घालून स्वतःकडे ठेवून घेतली होती. संत्र्यावर हत्तींचा विशेष जीव.

सकाळी पोलरनेच पक्कड आणली, रनरच्या दोन्ही कडा अगदी हलक्या हाताने दाबल्या, जुन्या टूथब्रशने दात झाडले आणि मेणबत्तीचा तुकडा फिरवला. चेन चालू. तो उपाय परत येईपर्यंत टिकला. दुकानात तंबू नेला तर 'वापराची झीज' म्हणून हात वर केले. पावती, वॉरंटी, सगळं असून. शेवटी बस रँकवरच्या चप्पल शिवणाऱ्याने किरकोळ पैशांत धातूचा जाड रनर बसवून दिला आणि तोच अजून टिकून आहे.

पोर्चची, म्हणजे दारापुढच्या आडोशाची, तर गंमतच. खोक्यावरच्या चित्रात पोर्चमध्ये बूट छान ओळीने मांडलेत. ओकावांगोत बूट बाहेर ठेवले तर तरस नेतं, चघळायला. त्यामुळे बूट आत, बॅगा आत, आणि म्हणूनच तिसरा माणूस बाद.

जाळी मात्र उत्तम. वीण इतकी घट्ट की बारीक चिलटंही आत आली नाहीत. हा मलेरियाचा प्रदेश आहे. हिवाळ्यात डास कमी असले तरी डॉक्टरला विचारून गोळ्या घ्याच, जाळीच्या भरवशावर राहू नका. एका रात्री वरचं छप्पर काढून नुसत्या जाळीखाली झोपलो. पुण्याहून वृश्चिक दक्षिणेला खाली दिसतो. इथे ज्येष्ठा जवळजवळ डोक्यावर आणि नांगीचा आकडा पुरता उलगडलेला. मित्र एक वाजेपर्यंत नक्षत्रं मोजत होता. याची किंमत पहाटे कळते: पाण्याकाठचा गारठा, पारा सहा-सातवर, आणि दवाने स्लीपिंग बॅग वरून ओली. छप्पर घातलं तर दव आत येत नाही, पण आपल्याच श्वासाचं पाणी कापडाला आतून धरतं आणि बसताना टाळूला लागतं. कॅनव्हासच्या तंबूत हा त्रास फार कमी होता, हे मान्य करावं लागेल. जुलैत जाणार असाल तर तंबूपेक्षा स्लीपिंग बॅगवर जास्त पैसे घाला.

तळाबद्दल थोडं. आपल्याकडचा सराटा बोट्स्वानातही भरपूर उगवतो, शिवाय बाभळीचे बोटभर काटे. खाली जाड ताडपत्री अंथरली म्हणून तळाला दोनच भोकं पडली. वाळवी वेगळी. डेल्टातली कितीतरी बेटं मुळात वाळवीच्या वारुळांवरच उभी राहिली आहेत, आणि तीच वाळवी, तंबू एका जागी काही दिवस राहिला की, खालच्या शिवणीला मातीचं अस्तर चढवून चाखायला लागते. रोज सकाळी कड उचलून झटका.

पाऊस या तंबूने पाहिला तो डिसेंबरात, सेरोवेजवळच्या खामा ऱ्हायनो सँक्चुअरीत. वादळी सर तासभर कोसळली. कापडातून थेंब आला नाही, पण शिवणीवरची पट्टी हिवाळ्याच्या उन्हाने एका कोपऱ्यात सुटली होती, तिथून गळालं. शिवणीचं सोल्यूशन लावलं, त्यानंतर ठीक. फायबरग्लासच्या कांबी वाऱ्यात भीती वाटावी इतक्या वाकल्या, तुटल्या नाहीत.

कोकणात पावसाळ्यात नेण्यासाठी कुणी विचारत असेल तर हा घेऊ नका, जाळी जास्त आणि उडणारं पाणी आत येतं. कोरड्या, थंड, कीटकांच्या प्रदेशात होडीने किंवा पाठीवर न्यायचा असेल तर घ्या, फक्त घेतल्या दिवशीच रनर बदलून घ्या. आम्ही या जुलैत परत माउनला चाललोय. तंबू हाच. पोर्चच्या कांबी आणि त्याच्या दोऱ्या घरी ठेवणार आहे, तेवढंच अर्धा किलो कमी.