हेडच्या नावानं 10,030 रुपये गेले. जुनी गाडी घरीच सांभाळणाऱ्यांनी वाचा

आधीच सांगतो, "स्वस्ताच्या मागं लागला असशील" हे ऐकून ऐकून कान किटले आहेत, तेव्हा ते कुणी परत ऐकवू नका. मारुती 800 चं जुनं सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) 6,500 रुपयांत, हा काही फुकटाचा भाव नव्हता. तालुक्याच्या लेथवाल्यानं जुनंच हेड आणून, बसवून द्यायचे 9,000 सांगितले होते. बसवायचं काम मी घरी करणार, म्हणजे त्याची मजुरी वजा. हिशेब बरोबर जमत होता. कुणी 2,000 म्हटलं असतं तर मीही फोन ठेवून दिला असता. हे ऑनलाइन लुटणारे लोक आता 2,000 म्हणत नाहीत, तिथंच तर मेख आहे.

गाडी 2007 ची. 5,000 भरून आरसी वाढवून घेतली होती, म्हणून भंगारात घालायचा प्रश्न नव्हता. ऑइल, प्लग, ब्रेक शू, पट्टे हे सगळं मी गोठ्यासमोरच्या निंबाखाली स्वतः करतो. रेडिएटरच्या फॅनचा स्विच गेला होता, नवा मिळेपर्यंत डॅशबोर्डखाली बटन लावून फॅन डायरेक्ट केला होता. मे महिन्यात पुतण्या लग्नाला गाडी घेऊन गेला. 45 डिग्रीचं ऊन, आणि त्यानं बटन दाबलंच नाही. काटा वर गेलेला पाहूनही गाडी गावापर्यंत हाणत आणली. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस, रेडिएटरमध्ये बुडबुडे. हेड उघडलं तर मधल्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हच्या मधोमध बारीक चीर. लेथवाला म्हणाला, "भाऊ, हे घासून, फेसिंग करून काही कामाचं नाही, दुसरं पाहा."

मग जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपवर हा विकणारा भेटला. दिल्लीचा माल, टेस्ट केलेला, "भाईसाब, गारंटी मेरी". पहिल्यांदा त्यानं जो फोटो पाठवला त्यात एकेका सिलिंडरला चार-चार व्हॉल्व्ह. माझ्या गाडीला दोन-दोन. दोन्ही इंजिन 796 सीसीचीच, पण बारा व्हॉल्व्हवालं हेड वेगळं, ते माझ्या इंजिनच्या ब्लॉकवर चालत नाही. मी लगेच बोललो. तो लगेच म्हणाला, ते आल्टोचं, चुकून गेलं, तुमचं हे बघा. आणि सहा व्हॉल्व्हच्या हेडचा फोटो आला. माणसाला माल कळतो असं वाटलं. मलाही कळतो हे त्याला कळलं, आणि त्यानं पुढचं सगळं त्या बेतानं केलं. टोकन 1,500 टाकले.

आता जे सांगतो ते नीट वाचा. बाकीचे पैसे टाकायच्या आधी मी अट घातली: हेडजवळ चिठ्ठी ठेवा, त्यावर माझं नाव, गाव आणि आजची तारीख लिहा, मग फोटो पाठवा. अर्ध्या तासात फोटो आला. काळ्या-पांढऱ्या फरशीवर हेड, शेजारी वहीचा फाडलेला कागद, निळ्या शाईत माझं नाव. कागद चार घड्या घालून उघडलेला होता. घडीच्या रेघेवर कागद खाली बसलेला, तिथं सावली पडलेली, वहीच्या छापील रेघासुद्धा तिथं वाकलेल्या. आणि माझ्या गावाचं नाव त्या घडीवरून सरळ, न हलता गेलेलं. खऱ्या पेनाचं टोक घडीवर अडखळतं, शाई तुटते. इथं काहीच नाही. कोऱ्या चिठ्ठीचा एक फोटो काढून ठेवायचा, आणि येईल त्या गिऱ्हाइकाचं नाव मोबाईलवर त्यात भरायचं, एवढाच धंदा.

हे पुतण्यानं नंतर फोटो मोठा करून दाखवलं. मी पाहिला तेव्हा लाईट गेलेली, मोबाईलची काच दोन ठिकाणी तडकलेली, आणि समोरचा घाई करतोय की ट्रान्सपोर्टची गाडी सुटते. ज्याला असा फोटो रात्री आठ वाजता पाहून घडी दिसली असती त्यानं खुशाल हसावं. 5,000 टाकले.

चिठ्ठीचा फोटो मागणं आता बंद करा, त्याचा काही उपयोग राहिला नाही. व्हिडिओ कॉल लावा आणि पार्ट उलटा करायला सांगा, नंबर ओतीव अक्षरात कुठं आहे तो बोटानं दाखवायला सांगा. "नेट स्लो है" म्हटलं की विषय संपला.

पैसे घेणाऱ्याचं नाव प्रत्येक वेळी वेगळं दिसत होतं. विचारलं तर म्हणे एक खातं भाभीचं, दुसरं पार्टनरचं. पेमेंट करताना पडद्यावर जे नाव येतं ते विक्रेत्याचं नसेल तर तिथंच थांबा.

मग बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आला. त्यावर शिक्का, सही, नगाचा नंबर, सगळं. दुसऱ्या दिवशी फोन, जीएसटीचे 1,170 भरल्याशिवाय गोडाऊन माल सोडत नाही. बिल पाठवलं. बिलावरच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे 09 होते. दिल्लीचे 07 असतात, 09 उत्तर प्रदेशचे, आपले 27. नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव येतं, त्याला पैसे लागत नाहीत. हे मला आता पाठ झालं आहे. तेव्हा डोक्यात एकच होतं की 6,500 अडकलेत, 1,170 वाचवायला गेलो तर तेही जातील. पुढं ट्रान्सपोर्ट इन्शुरन्स 2,360, "माल पहुँचते ही रिफंड". तेही दिले. तुरीचे राहिलेले पैसे होते ते. एकूण 10,030.

शेवटी त्यानं रिफंड म्हणून क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणाला. पैसे यायला पिन लागत नाही, पिन पैसे जाताना लागतो, तेवढं मला कळतं. तिथं थांबलो. त्यानं दोन शिव्या दिल्या आणि ब्लॉक केलं.

बिल्टी खरी की खोटी हे तपासायला तिच्यावर छापलेल्या नंबरवर फोन करू नका, तो त्यांचाच असतो. आपल्या तालुक्याला त्या ट्रान्सपोर्टचं गोडाऊन आहे का ते पाहा, तिथं जाऊन नंबर दाखवा. आणि माल 'टू पे'नंच मागवा, भाडं इथं माल पाहून द्यायचं. विकणारा त्याला नाही म्हणाला तर समजून घ्या.

आता पोलीस ठाण्याची गोष्ट. पहिला प्रश्न, "गाडी कोणती?" आठशे म्हटल्यावर तिथले दोघं हसले. "भंगारात काढा ना भाऊ, कायले एवढा खटाटोप करता." मग म्हणे दिल्लीचा नंबर आहे, आमच्या हद्दीत येत नाही. मी सांगितलं की 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आहे, गुन्हा कुठंही घडो, कोणत्याही ठाण्यात एफआयआर घ्यावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173. मोबाईलवर काढून दाखवलं. उत्तर आलं, "कायदा आमाले नका शिकवू." साहेब बंदोबस्तावर. नंतर गेलो तर साहेब मिटिंगमध्ये. अर्ज ठेवून घेतो म्हणाले, पोच द्यायला मात्र शिक्का सापडत नव्हता. शिक्का टेबलावर, स्टॅम्प पॅडच्या डब्याखाली होता, मीच काढून दिला.

बँकेत तर वेगळाच खेळ. पिन तुम्ही टाकला, मग बँक काय करणार. बरं, निदान शिक्का मारून स्टेटमेंट द्या, ठाण्यात पाहिजे. तर म्हणे आधी ठाण्याची पोच आणा. ठाणं म्हणे आधी स्टेटमेंट आणा. पेरणीच्या तोंडावर, बियाणं घ्यायचं सोडून माणूस तालुक्याला एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर. ज्यानं लुटलं तो फोनवर निदान "भाईसाब" तरी म्हणायचा. या दोन्ही ठिकाणी मी गुन्हेगार असल्यासारखा उभा.

म्हणून पैसे गेले की आधी 1930, म्हणजे सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर, लावा, ठाणं नंतर. पहिल्या तासा-दोन तासात लावला तर पैसा पुढच्या खात्यात अडवता येतो. यूटीआरचा (व्यवहाराचा) 12 आकडी नंबर हाताशी ठेवा, प्रत्येक पेमेंटचा वेगळा. मी बँकेच्या भरवशावर एक रात्र थांबलो, तेवढ्यात पैसे तीन खाती फिरून गेले. ज्या नंबरवरून फोन येत होते तो 'संचार साथी' या सरकारी पोर्टलच्या 'चक्षू'वर टाका, तेवढं तरी घरबसल्या होतं.

हेड शेवटी जिल्ह्याच्या भंगारवाल्याकडं मिळालं, 7,800 ला. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सोबत नेलं, पट्टी आडवी-तिडवी टाकून पाहिली, व्हॉल्व्ह मोजले, रॉकेल ओतून गळतं का पाहिलं, मगच पैसे काढले. बसवताना बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे करत टॉर्क रेंचनं (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानं) आवळा. एका बाजूनं आवळत गेलात तर तेही हेड जाईल. आता फॅनला नवा स्विच आहे आणि चावी माझ्याकडं आहे.

10,030 पैकी 870 रुपये एका खात्यात होल्ड झाल्याचा मेसेज आला. ते सुटायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. वकिलानं अर्जाचे 1,500 सांगितले. अर्ज मी स्वतःच लिहितो आहे. असा अर्ज आधी कुणी दिला असेल तर नमुना पाठवा, मराठीत असेल तर बरं.