हौदातले हिरवे पाणी आणि १८ वॅटचा यूव्ही फिल्टर : सव्वा वर्षाच्या वापरानंतर

साताऱ्यातील आमच्या घराच्या परसात सिमेंटचा एक हौद आहे. तो ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर खोल असल्यामुळे काठोकाठ भरल्यावर त्यात ५,४०० लिटर पाणी मावते. त्यात चार कोई (रंगीत जपानी मासे), डझनभर गोल्डफिश आणि डासांच्या अळ्यांसाठी सोडलेले, आता मोजण्यापलीकडे गेलेले गप्पी मासे आहेत. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत हौदावर थेट ऊन पडते, त्यामुळे दरवर्षी फेब्रुवारी सरता सरता पाणी हिरवे होऊ लागे आणि एप्रिलपर्यंत ते वाटलेल्या कोथिंबिरीच्या चटणीसारखे दिसे. मासे खाणे घेण्यापुरते वर येत, एरवी ते आहेत की नाहीत हेही कळत नसे.

यावर उपाय म्हणून मागील वर्षी मार्चमध्ये मी १८ वॅटचा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा बसवलेला फिल्टर ऑनलाइन मागवला. दिवा आणि स्पंजचा डबा मिळून साडेचार हजार रुपये पडले. पंप जुनाच, ताशी सुमारे ३,००० लिटर पाणी ओढणारा, वापरला. उपकरणाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीची उपकरणे निरनिराळ्या नावांनी विकली जातात आणि माझा अनुभव त्यातील बहुतेकांना लागू पडावा.

तत्पूर्वी केलेले उपाय थोडक्यात सांगते. तुरटीने गढूळपणा खाली बसला, पण हिरवेपणा आठवड्यात परतला. निम्मे पाणी बदलून पाहिले, तर नव्या पाण्याने दोन दिवस बरे वाटले आणि तिसऱ्या दिवसापासून शेवाळ अधिकच जोमाने वाढले. एका दुकानात मोरचूद टाकण्याचा सल्ला मिळाला, तो मी मानला नाही. मोरचुदाने शेवाळ मरते हे खरे; परंतु शेवाळ मारणारी मात्रा आणि माशांना बाधणारी मात्रा यांत फारसे अंतर नसते, गोगलगायी तर त्याने हमखास मरतात, आणि एकाच वेळी मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू एवढा खाते की पहाटेच्या वेळी, जेव्हा तो मुळातच सर्वांत कमी असतो, मासे गुदमरू शकतात.

यूव्ही फिल्टरचे काम तत्त्वतः सोपे आहे. हिरवे पाणी म्हणजे पाण्यात तरंगणारे एकपेशीय शेवाळ. ते इतके सूक्ष्म असते की कोणत्याही स्पंजमधून आरपार जाते. पंपाने ओढलेले पाणी क्वार्ट्झच्या काचेच्या नळीभोवतून वाहते, नळीच्या आत दिवा असतो, आणि त्याचे सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण शेवाळाच्या पेशींतील डीएनएला इजा करतात. अशा पेशींचे विभाजन थांबते, त्या एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होतात आणि ते स्पंजमध्ये अडकतात किंवा तळाशी बसतात. पाण्यात कोणतेही रसायन पडत नाही, हा याचा सर्वांत मोठा गुण होय.

बसवताना दोन गोष्टींनी त्रास दिला. पंपाची नळी जोडायची तोंडे पायऱ्यापायऱ्यांची, टोकाला अरुंद आणि मागे रुंद होत जाणारी, असतात. आपली नळी रुंद पायरीवर बसत असेल तर पुढचा अरुंद भाग करवतीने कापून टाकावा लागतो, अन्यथा सगळे पाणी त्या बारीक भोकातूनच जाते आणि प्रवाह मंदावतो. माहितीपत्रकात याचा उल्लेख नव्हता. दुसरे म्हणजे वायर अवघी दीड मीटर होती. पाण्याजवळचे काम असल्याने मी वायरमनकडून पावसापासून झाकलेला स्वतंत्र बोर्ड आणि त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतला. हा खर्च उपकरणाच्या किमतीतच धरावा, यात काटकसर करू नये.

परिणाम पाहण्यासाठी मी हौदाच्या तळाशी स्टीलची एक वाटी ठेवली. ९ मार्चला दिवा सुरू केला, त्या दिवशी हात पाण्यात घातला तर वीतभर खाली बोटे दिसेनाशी होत होती. चौथ्या दिवशी पाण्याचा हिरवा रंग जाऊन ते ताकाच्या निवळीसारखे झाले, आणि स्पंज दररोज पिळावा लागला, इतका काळपट हिरवा गाळ त्यात भरत होता. नवव्या दिवशी सकाळी वाटी दिसली, तिच्या काठावर बसलेली गोगलगायसुद्धा दिसली. वाहत्या पाण्यात हिरवेपणा घालवण्याचे काम या उपकरणाने चोख केले, याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

खरी गंमत पुढे झाली. पाणी स्वच्छ झाल्यामुळे ऊन तळापर्यंत पोहोचू लागले आणि मेअखेर हौदाच्या भिंतींवर व कुंड्यांवर केसांच्या गुंत्यासारखे लांब, तंतुमय शेवाळ वाढले. ते दिव्यासमोरून वाहतच नाही, तेव्हा दिवा त्याचे काही बिघडवू शकत नाही. आधी मला वाटले, उपकरण खराब निघाले. विचार केल्यावर लक्षात आले की शेवाळाचे खाद्य हौदात पूर्वीइतकेच शिल्लक होते : माशांच्या विष्ठेतून व न खाल्लेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट व फॉस्फेट कोणीतरी खाणारच. एकपेशीय शेवाळ हटवले, तर जागा तंतुमय शेवाळाने घेतली. म्हणून आता दाणे दोन-तीन मिनिटांत संपतील एवढेच टाकते, हौदाचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग कुमुदाच्या पानांनी झाकला जाईल असे पाहते, आणि बांबूच्या काठीला संडास घासायचा जुना ब्रश बांधून, शेवया गुंडाळाव्यात तसे ते शेवाळ गुंडाळून बाहेर काढते. ते कंपोस्टमध्ये उत्तम कुजते. कुमुदाऐवजी जलपर्णी चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. ती खाद्य झपाट्याने शोषते यात शंका नाही, पण तिचे वाढीव रोप कोणी ओढ्यात टाकले तर काय होते ते जलपर्णीने व्यापलेल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावाने पुरेसे दाखवले आहे, त्यामुळे मी ती घेतली नाही.

स्पंजविषयी एक सूचना माहितीपत्रकात ठळक अक्षरांत हवी होती. वर सांगितलेले जिवाणू स्पंजमध्येच वस्ती करतात आणि नव्या फिल्टरमध्ये ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली स्पंज शुभ्र होईपर्यंत धुतला तर ती वस्ती संपते. मी हौदाचेच पाणी बादलीत घेऊन त्यात तो दोनदा पिळते, तेवढे पुरते. पंपही याच कारणाने चोवीस तास चालू ठेवावा लागतो. पंपाचे ४० आणि दिव्याचे १८ मिळून ५८ वॅट, म्हणजे महिन्याला सुमारे ४२ युनिट वीज लागते.

सर्वांत मोठी उणीव यंदाच्या एप्रिलमध्ये समजली. पाणी पुन्हा हिरवे झाले. मी वायरमनला बोलावले. त्याने डब्याच्या छोट्या खिडकीतून निळा उजेड पाहिला आणि म्हणाला, "ताई, दिवा तर लागतोय की!" दिवा लागत होता, हे खरेच. परंतु डोळ्यांना दिसणारा निळा उजेड आणि शेवाळाला मारणारे, डोळ्यांना न दिसणारे किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असे दिवे साधारणपणे ८,००० ते ९,००० तासांनंतर, म्हणजे अखंड वापरात वर्षभराने, उजेड देत राहतात पण किरणांचा जोर पुष्कळ उतरलेला असतो. माझा दिवा तेरा महिने, साडेनऊ हजारांच्या आसपास तास चालला होता. शिवाय वीज बंद करून, डबा उघडून दिव्याभोवतीची काचेची नळी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर बोअरच्या जड पाण्यातील क्षारांचा पांढरा, खरखरीत थर होता. नखाने निघेना. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवल्यावर तो मऊ कापडाने सहज निघाला. आता हे काम मी दर दोन महिन्यांनी करते. डबा उघडलेला असताना दिवा कधीही चालू करून पाहू नये, त्या किरणांनी डोळ्यांना इजा होते.

खोक्यावर छापलेल्या '१०,००० लिटरपर्यंत' या आकड्यावरही विसंबू नये. कमी मासे आणि भरपूर सावली असेल तर कदाचित तो खरा ठरेल. माझ्यासारख्या उन्हातल्या, कोई असलेल्या हौदाला छापील क्षमतेचा निम्मा आकडाच धरावा. पावसाळ्यात अंगणातील माती वाहून आल्याने जो तांबूस गढूळपणा येतो, त्यावरही हा दिवा निरुपयोगी आहे. तिथे स्पंज आणि हौदाच्या काठाला घातलेला दोन विटांचा बांध हेच कामी आले.

मी या उपकरणाला पाचपैकी साडेतीन गुण देईन, आणि कापलेला दीड गुण सर्वस्वी माहितीपत्रकाचा आहे. घेणाऱ्यांनी सुटा दिवा त्याच वेळी मागवून ठेवावा. आमच्या गावातील विजेच्या दुकानांत चार पिनांचा हा दिवा मिळाला नाही आणि ऑनलाइन मागवलेला यायला तीन आठवडे लागले, तोपर्यंत वाटी पुन्हा दिसेनाशी झाली होती. नवा दिवा १८ मे रोजी बसवला, ती तारीख चोकच्या डब्यावर मार्करने लिहिली आहे, आणि पुढच्या वर्षीचा दिवा वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला आहे.