महायुद्धातल्या जीपसाठी वायरलेस सेट: नं. १९, बीसी-६५९ की पीआरसी-७७?

जीप नव्याने उभी राहिली, रंग चढला, की मागची रिकामी जागा डोळ्यांत खुपायला लागते. तिथे वायरलेस सेट हवाच, आणि माझ्या मते तो चालू हवा. पण सेटच्या रूपावर भाळण्याआधी बॅटरी बघा. विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची दोन्ही मॉडेलं, मुळात ६ व्होल्टच्या गाड्या आहेत. सौदा फसतो तो बहुतेक इथेच.

ब्रिटिश नं. १९ हा सेट रणगाड्यांसाठी घडवलेला, १२ व्होल्टचा. जीपमध्ये त्याला वेगळी बॅटरी द्यावी लागते. मुख्य भाग २ ते ८ मेगाहर्ट्झवर चालतो, आणि आपल्याकडच्या हॅम (परवाना घेऊन हौसेने वायरलेसवर बोलणाऱ्या) मंडळींचा ७.० ते ७.२ चा पट्टा त्यात नेमका बसतो. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीच्या सेटवरून आजही कुणाशी तरी बोलता येतं. कॅनडात बनलेल्या बऱ्याच सेटांच्या पॅनेलवर इंग्रजीखाली रशियन अक्षरं दिसतात, कारण ते सोव्हिएत फौजांसाठीही जायचे. पॉवर युनिटची मोटर घूं करत वेग पकडते, व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) तापतात आणि खरखरीतून हळूहळू आवाज वर येतो. ते ऐकलं की बाकीचे सेट मला फिके वाटतात.

त्रासही तेवढाच आहे. आतल्या वायरींचं रबर हात लावताच भुगा होऊन गळतं, जुने पेपर कपॅसिटर गळके निघतात. ट्रान्समीटरला ५०० व्होल्टच्या आसपास दाब लागतो, तेव्हा झाकण काढून एकट्याने प्रयोग नकोत.

अमेरिकन बीसी-६५९ (पूर्ण संच एससीआर-६१०) हा तोफखान्याचा एफएम सेट. जीपसोबत इतिहासाला धरून शोभतो तो हाच. त्याचं पीई-११७ पॉवर युनिट ६ किंवा १२ व्होल्टवर चालतं, म्हणून गाडीच्या वायरिंगला हात लावावा लागत नाही. पट्टा २७ ते ३८.९ मेगाहर्ट्झ. क्रिस्टल (फ्रीक्वेन्सी पक्की करणारा स्फटिक) लावून दोनच चॅनेल आधी ठरवायचे आणि पल्ला काही मैलांचा. २९.६ चा क्रिस्टल मिळाला तर हॅमच्या १० मीटर पट्ट्यात बोलता येतं, पण समोर ऐकणारा आधी ठरवून ठेवावा लागतो.

पीआरसी-७७ व्हिएतनामच्या काळातला, पूर्ण ट्रान्झिस्टरचा आणि तिघांत सर्वांत कमी कटकटीचा. एम-१५१ सारख्या नंतरच्या गाडीत तो जरूर बसवा, १९४३ च्या जीपमध्ये मात्र नको. शिवाय तो ३० ते ७६ मेगाहर्ट्झमध्ये चालतो. त्या पट्ट्याचा बहुतेक भाग हॅमसाठी खुला नाही, त्यामुळे भारतात बोलण्यासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

प्रसारणाला हॅम परवाना लागतोच. सेट बाळगण्याचे नियमही पैसे देण्याआधी विचारून घ्या.

परवाना असेल आणि हाताशी व्हॉल्व्हचा जाणकार असेल, तर मी नं. १९ घेईन. गाडी मुळाबरहुकूम ठेवायची असेल तर बीसी-६५९. कुठलाही घ्या, पण पॉवर युनिट आणि जोडकेबली सेटबरोबरच मागा. नं. १९ ला ६ आणि १२ पिनांच्या खास केबली लागतात. त्या सुट्या शोधण्यात महिने जातात, आणि तोवर सेट जीपमध्ये मुका बसून राहतो.