मित्रांच्या गप्पांसाठी व्हिडिओ कॉल: व्हॉट्सअ‍ॅप, मीट, झूम की आणखी काही?

ग्रुप पाच-दहा जणांचा असेल तर कुठल्या अ‍ॅपमध्ये काय सोयी आहेत हे नंतर बघा. आधी ग्रुपमध्ये सगळ्यात अडचणीत कोण आहे ते बघा. पुण्यात फायबर घेऊन बसलेल्याला काहीही चालतं. अडतं ते दुबईतल्या मित्राचं, दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर असलेल्या गावाकडच्याचं आणि ‘मी नवं अ‍ॅप टाकणार नाही’ म्हणणाऱ्याचं.

या तिसऱ्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपला तोड नाही. ते सगळ्यांकडे असतंच, एका कॉलमध्ये ३२ जण बसतात, वेळेची मर्यादा नाही आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतो, म्हणजे बोलणाऱ्यांशिवाय मधल्या कोणालाही तो ऐकता येत नाही. अख्ख्या ग्रुपला एकदम रिंग देण्यापेक्षा कॉल्सच्या टॅबमधून कॉल लिंक बनवा आणि ग्रुपमध्ये टाका. मग ज्याला जमेल तो येतो, बाकीच्यांचे फोन ऑफिसात खणखणत नाहीत. चार-पाच जणांपर्यंत हे उत्तम. दहा-बारा झाले की मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यांच्या टिकल्या होतात. तेव्हा लॅपटॉपवरचं व्हॉट्सअ‍ॅप बरं पडतं.

पण दुबई, अबुधाबी, शारजात कोणी असेल तर व्हॉट्सअ‍ॅप बाद. संयुक्त अरब अमिरातीत त्यावर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. नेट स्लो म्हणून नाही, तिथल्या नियमांमुळे. व्हीपीएनचा, म्हणजे आपण कुठून नेट वापरतोय हे लपवणाऱ्या अ‍ॅपचा, सल्ला देणारे भेटतात, पण तिथे गुन्ह्यासाठी व्हीपीएन वापरल्यास ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे, त्यामुळे मित्राला त्या फंदात पाडू नका. गूगल मीट, झूम आणि मायक्रोसॉफ्ट टीम्स तिथे परवानगी असलेल्या अ‍ॅपच्या यादीत आहेत.

या तिघांत खरा फरक घड्याळाचा. मीट फुकट वापरलं तर तीन किंवा जास्त जणांचा कॉल ६० मिनिटांत बंद होतो. ५५व्या मिनिटाला सूचना येते. दोघांचाच कॉल मात्र २४ तासांपर्यंत चालतो. झूम फुकटात ४० मिनिटं देतं, दोघे असले तरी तेवढीच. टीम्सही ग्रुपला ६० मिनिटांवर थांबवतं. तिन्हींत १०० जण मावतात, पण मित्रांच्या गप्पांना त्या आकड्याचा उपयोग शून्य. ४० मिनिटांत दहा जणांची जेमतेम ख्यालीखुशाली होते, म्हणून गप्पांसाठी आम्ही झूम मागे ठेवू. त्याची एक बाजू मात्र भक्कम आहे: लिंकवरून येणाऱ्याला खातं उघडावं लागत नाही. स्काइपची सवय असलेल्यांनी आता तो विषय सोडावा. ते ५ मे २०२५ ला बंद झालं, त्याच्या जागी मायक्रोसॉफ्टने टीम्स पुढे केलं आहे.

आमचं मत मीटच्या बाजूने झुकतं, आणि त्याचं कारण कॅलेंडर. गूगल कॅलेंडरमध्ये भारतीय वेळेनुसार दर महिन्याचा कॉल लावला की लिंक तीच राहते आणि वेळेचा घोळ मिटतो. ग्रुपमध्ये कोणी अमेरिकेत, समजा न्यू जर्सीत, असेल तर तिथलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. आपल्या रात्री ८ ला तिथे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. दुबईत बाराही महिने संध्याकाळचे साडेसहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये कोणीतरी तासभर आधी येऊन बसतं ते यामुळेच.

आता गावाकडचा मित्र. बऱ्यापैकी चित्र दिसायला जाताना-येताना प्रत्येकी साधारण ६०० केबीपीएस (सेकंदाला ६०० किलोबिट डेटा) लागतात असं धरा. तासाला २७० एमबी जाताना, २७० येताना, म्हणजे ५४० एमबी. दीड जीबीतला तिसरा हिस्सा एका तासात संपला! ग्रुप कॉलमध्ये लोक इथेच फसतात. स्वतःचा कॅमेरा बंद केला की फक्त जाणारा डेटा वाचतो, बाकीच्यांचे चेहरे येतच राहतात. तेही थांबवायचे तर मीटच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये ‘ऑन-द-गो’ मोड लावा, झूममध्ये ‘स्टॉप इनकमिंग व्हिडिओ’. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्जच्या स्टोरेज अँड डेटामध्ये ‘यूज लेस डेटा फॉर कॉल्स’ चालू करा. चित्र धूसर होतं, पण आवाज टिकतो, आणि गप्पांना आवाज पुरतो.

सगळ्यांकडे आयफोन असतील तर फेसटाइम घ्या, ३२ जण, वेळेचं बंधन नाही. अँड्रॉइडवाल्याला २०२१ पासून लिंकवरून क्रोममध्ये येता येतं, पण कॉल सुरू करणं आणि त्याला आत घेणं अ‍ॅपलवाल्याच्याच हाती, त्यामुळे तो कायम पाहुणाच राहतो. खासगीपणाला सर्वात वर ठेवणाऱ्यांसाठी सिग्नल, तिथे ५० जणही चालतात. अडचण एवढीच की प्रत्येकाला ते अ‍ॅप टाकायला लावावं लागतं.

अ‍ॅप बदलूनही सुटत नाहीत अशा दोन तक्रारी आहेत. एक, आवाज घुमणं. एकाच खोलीत दोघांनी आपापल्या फोनवरून कॉल घेतला की एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. एका फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा, नुसता माइक बंद करून भागत नाही. दुसरी, ब्लूटूथ इअरफोनवर गाणी छान वाजतात, पण कॉल लागला की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. माइक चालू होताच बरेच इअरफोन कमी दर्जाच्या हँड्सफ्री जोडणीवर जातात. इअरफोन आवाज ऐकायला ठेवून अ‍ॅपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडला तर बहुतेक वेळा आवाज पूर्ववत होतो. फोनवर ही निवड सहसा मिळत नाही, तिथे तारेचा हेडफोन लावा.