‘एल पासो’ गायचं, तर छोटं की पूर्ण?

अमेरिकेतलं लोकगीतांच्या वळणाचं ‘कंट्री’ संगीत गाणाऱ्या मार्टी रॉबिन्सचं ‘एल पासो’ गिटारवर बसवायचं ठरवलंत, की आधी आवृत्ती निवडावी लागते. १९५९ साली हे गाणं आलं ते साडेचार मिनिटांहून लांब. एवढं गाणं रेडिओवर लावतील का, याची कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीला धास्ती होती. म्हणून रेडिओ केंद्रांना पाठवलेल्या तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटांचं छाटलेलं गाणं होतं, दुसऱ्या बाजूला पूर्ण.

छोटं सोयीचं आहे, हे खरं. गाण्याला ध्रुवपद नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यांना सोबत गायला काही मिळत नाही. तीन मात्रांचा ठेका मात्र शेवटपर्यंत धरून ठेवावा लागतो. मीही आधी छोटंच बसवलं आणि वर्षभर मित्रमंडळींत तेच गायलो.

खटकायची ती एकच जागा. नायकाचं फेलिना नावाच्या मुलीवर प्रेम असतं; तिच्यासोबत पेला घेणाऱ्या देखण्या तरुणावर तो मत्सरानं गोळी झाडतो. पूर्ण गाण्यात त्यानंतर एक कडवं येतं: तो थिजून उभा राहतो, आपल्या हातून काय झालं हे त्याला उमगतं, आणि मग पळण्यावाचून मार्ग उरत नाही. छाटताना पश्चात्तापाचं नेमकं हेच कडवं गेलं. गोळी सुटते आणि गडी लगेच रोझाच्या कॅन्टिनाच्या, म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या, मागल्या दारानं घोड्यांकडे! तिथं आलो की दर वेळी जिन्याची एक पायरी चुकल्यासारखं व्हायचं. एकदा एका मैत्रिणीनं विचारलंच, “माणूस मारला, आणि याला काहीच वाटलं नाही?”

मला उत्तर देता आलं नाही. हा माणूस स्वतःच्या मरणाची गोष्ट स्वतः सांगतोय. न्यू मेक्सिकोच्या ओसाड मुलखातून तो फेलिनासाठी परततो, गोळ्या खातो, तिच्या मिठीत जीव सोडतो. त्या एका कडव्याशिवाय मला त्याच्यासाठी हळहळता येईना.

श्रोते फारच चुळबुळे असतील तर छोटं गावं, माझं काही म्हणणं नाही. पण तेव्हाच्या बहुतेक निवेदकांनी आणि रसिकांनीही लांबच गाणं उचललं, आणि जानेवारी १९६० मध्ये ते कंट्री आणि पॉप गाण्यांच्या लोकप्रियतेच्या दोन्ही याद्यांत पहिलं आलं. लांबीची भीती वाटत असेल तर मूळ गाण्यातली ग्रेडी मार्टिनची गिटार ऐका. ओळींच्या मधल्या जागा ती अशी भरते की मिनिटं जाणवत नाहीत.

आता मी पूर्णच गातो. गोळीची ओळ संपली की हात क्षणभर तारांवरून उचलतो, आणि मग ते कडवं घेतो.